दहा हजारांत टॅब घ्यावा की ई-रीडर? हौशी मंडळींची यादी देगलूरच्या वाचकाला का उपयोगी पडते

देगलूर म्हणजे नांदेड जिल्ह्याचं टोक. एका बाजूला तेलंगणा, दुसऱ्या बाजूला कर्नाटकातला बिदर जिल्हा. नांदेड साधारण ८० किलोमीटरवर आणि बाजारात मराठीसोबत तेलुगू, कन्नड, उर्दूही कानावर पडणार. अशा ठिकाणी वाचनाची आवड असलेल्या माणसाला हवं ते पुस्तक हवं तेव्हा मिळेलच असं नाही. मग आधार असतो तो मोबाईलवर आलेल्या पीडीएफचा. दोन बोटांनी पान मोठं करायचं, डावीकडून उजवीकडे सरकवायचं, पुन्हा मागे यायचं. वीस पानांत डोळे थकतात आणि डोक्यात विचार येतो, एखादा स्वस्त टॅब घेऊन टाकावा का? की ते किंडल का काय म्हणतात, ते घ्यावं?

दुकानात गेलं की रॅम किती, कॅमेरा किती, बॅटरी किती हे सांगितलं जातं. ऑफर कधी संपणार हेही सांगितलं जातं. पण यात मराठी पुस्तक कसं दिसेल, हे कोणी सांगत नाही.

हे प्रश्न नेमके विचारणारी एक जमात मात्र आहे. ती म्हणजे स्वस्त टॅब आणि ई-रीडर घेऊन त्यांच्याशी खटपट करणारे हौशी लोक. त्यांच्या मागण्या वरवर पाहता चोचले वाटतात. पण नीट पाहिलं तर लक्षात येतं की ज्याचं बरंचसं वाचन दुकानाबाहेरच्या फायलींवर चालतं, त्या मराठी वाचकाच्या गरजाही जवळपास त्याच आहेत.

हौशी मंडळींना नक्की काय हवं असतं?

एक उदाहरण बघा. २००६ मध्ये सोनीने अमेरिकेत पीआरएस-५०० नावाचा ई-रीडर विकायला काढला. तो लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला जोडताच येत नव्हता. मूळचे भारतीय असलेले कोविद गोयल तेव्हा विद्यार्थी होते आणि लिनक्स वापरत होते. यंत्र आपण विकत घेतलंय, तर त्यात आपलं पुस्तक आपल्याला टाकता आलं पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांनी त्या यंत्राची भाषा उलगडून काढली आणि ३१ ऑक्टोबर २००६ ला एका छोट्या प्रकल्पाला सुरुवात केली. त्यातूनच पुढे 'कॅलिबर' हे मोफत सॉफ्टवेअर उभं राहिलं. आज ई-पुस्तकं सांभाळायची असोत की एका साच्यातून दुसऱ्या साच्यात बदलायची असोत, जगभर पहिलं नाव त्याचंच निघतं.

दुसरं उदाहरण २०११ चं. एचपी कंपनीने टचपॅड नावाचा टॅब बाजारात आणला, काही आठवड्यांतच त्यातून माघार घेतली आणि उरलेला माल ९९ डॉलरला काढला. कंपनीने ज्या टॅबवर पाणी सोडलं होतं, त्यावर हौशी प्रोग्रामर मंडळींनी दोन-तीन महिन्यांच्या आत अँड्रॉइड चालवून दाखवलं.

या दोन्ही गोष्टींत मागणी एकच आहे. यंत्र स्वस्त असलं तरी चालेल, हळू चालत असलं तरी चालेल, पण ते उघडं हवं. म्हणजे फाईल स्वतः टाकता यावी, फॉन्ट बदलता यावा, वाचनाचं ॲप आपल्या पसंतीचं घेता यावं आणि कंपनीने हात वर केले तरी यंत्र कामाचं राहावं.

'आकाश'ने काय शिकवलं?

स्वस्त टॅब म्हटलं की भारतात पहिली आठवण येते ती 'आकाश'ची. ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत त्याचं उद्घाटन केलं. डेटाविंड कंपनीचा हा टॅब जुळवला जात होता हैदराबादेत, म्हणजे देगलूरहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडणार होता आणि विद्यार्थ्यांना त्याहूनही कमी किमतीत मिळणार होता.

किमतीचा गाजावाजा झाला, पण आतलं सामान काय होतं? ७ इंची पडदा, तोही बोटाने दाबावा लागणारा. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि अँड्रॉइड २.२. अँड्रॉइडच्या त्या आवृत्तीत देवनागरीची नीट सोय मुळात नव्हतीच. ज्या देशातली कोट्यवधी मुलं देवनागरीत शिकतात, त्या देशाच्या टॅबची ही अवस्था होती.

११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' आला. आता जबाबदारी आयआयटी मुंबईकडे होती. १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा आणि अँड्रॉइड ४.० अशी सुधारणा झाली. पण तोवर बाजार पुढे गेला होता आणि पुढच्या काही वर्षांत आकाश विस्मरणात गेला.

धडा सरळ आहे. कमी किंमत ही सुरुवात झाली. त्या किमतीत आपली लिपी दिसते का आणि रोज वापरताना वैताग येत नाही ना, हे त्यानंतरचे प्रश्न. त्यांची उत्तरं मिळाली नाहीत तर स्वस्त यंत्रही महागात पडतं.

टॅब आणि ई-रीडर यांत फरक काय?

दोन्ही दिसायला सारखेच, पण पडदा पूर्ण वेगळा.

टॅबचा पडदा मोबाईलसारखा असतो. त्याच्या मागे दिवा असतो आणि तो प्रकाश सरळ डोळ्यांत येतो. रंग, व्हिडिओ, वेग सगळं मिळतं. पण मराठवाड्याच्या उन्हात अंगणात बसून वाचायचं म्हटलं तर पडद्यावर अक्षरांआधी आपलाच चेहरा दिसतो.

ई-रीडरच्या पडद्यात बहुतेक वेळा ई-इंक असते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या संशोधनातून ही कंपनी निघाली. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण असतात आणि त्यांचे विद्युतभार विरुद्ध असतात. वीज दिली की काळे कण वर येतात किंवा पांढरे. एकदा पान उमटलं की ते धरून ठेवायला वीज लागत नाही. पान उलटतानाच काय ती लागते. म्हणून दिवा बंद ठेवला तर बॅटरी आठवडे टिकते आणि पडदा उन्हात कागदासारखा दिसतो. वीज जाण्या-येण्याचा भरवसा नसलेल्या भागात ही मोठी सोय आहे.

तोटेही आहेतच. पडदा हळू बदलतो, बहुतेक स्वस्त ई-रीडर काळे-पांढरेच असतात आणि व्हिडिओ विसरायचा. शिवाय हा पडदा नाजूक असतो. पिशवीत दाबला गेला आणि तडकला, तर नवा टाकण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो.

खरी अडचण पीडीएफची

इंग्रजी वाचक ई-रीडर घेतो तेव्हा बहुतेक पुस्तकं त्याला दुकानातच तयार मिळतात. मराठीचं तसं नाही. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर पाच भारतीय भाषांची पुस्तकं आणली. हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती आणि मल्याळम. मराठी त्यात होती, ही चांगली गोष्ट. पण तेलुगू आणि कन्नड त्या यादीत नव्हत्या. देगलूरसारख्या सीमेवरच्या गावात, जिथे एका घरात दोन-तीन भाषा वाचल्या जाऊ शकतात, तिथे ही गोष्ट लगेच जाणवते.

आणि मराठीतला मोठा मोफत खजिना तर दुकानाबाहेरच आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठान मोफत वाटतं ती पुस्तकंही बहुतेक पीडीएफच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत, तेही पीडीएफ.

पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच समजा. पडदा लहान झाला की पूर्ण पान लहान होतं, अक्षरंही. हिशेब करून बघा. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर. ६ इंची ई-रीडरच्या पडद्याची रुंदी साधारण ९ सेंटिमीटर. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर पडद्यावर ५ पॉइंटचं होतं. औषधाच्या बाटलीवरच्या मजकुराएवढं. ८.७ इंची टॅबवर तेच अक्षर साडेसहा पॉइंटच्या आसपास दिसतं आणि १०.१ इंची टॅबवर पावणेआठच्या आसपास. कादंबरी नेहमीच्या डेमी आकाराची असेल, म्हणजे पानाची रुंदी १४ सेंटिमीटर, तर १०.१ इंची टॅबवर ती जवळपास मूळ आकारात दिसते.

म्हणून हौशी लोक पीडीएफसाठी आधी पडद्याचा आकार विचारतात, रॅम नंतर.

छोट्या पडद्यासाठी त्यांच्याकडे एक उपाय आहे. 'केओरीडर' नावाचं मोफत वाचन-ॲप. ते पानाचे समास कापतं आणि गरज पडली तर स्कॅन केलेल्या ओळी चित्र म्हणूनच तोडून मोठ्या करून पुन्हा मांडतं. अँड्रॉइड टॅबवर ते साध्या ॲपसारखं टाकता येतं. परदेशातून कोणी आणलेल्या कोबो ई-रीडरवरही ते बसतं. किंडलवर मात्र आधी यंत्राचं कुलूप तोडावं लागतं. ते प्रत्येक आवृत्तीवर जमत नाही आणि वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच.

'दर्या' आणि 'दऱ्या'

पीडीएफऐवजी ईपब साच्यातलं पुस्तक मिळालं तर प्रश्न निम्मा सुटतो. ईपबमध्ये मजकूर पाण्यासारखा असतो, पडद्याचा आकार घेतो. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपबमध्ये उतरवून घेता येतात आणि २०२२ पासून किंडलला ईमेलने ईपब पाठवताही येतं.

पण इथे दुसरी परीक्षा सुरू होते ती देवनागरीची. आपली अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. जोडाक्षरं जुळावी लागतात, वेलांटी योग्य जागी बसावी लागते. मराठीचा खास 'ऱ' तर बऱ्याच फॉन्टची दांडी उडवतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फॉन्ट कच्चा असेल तर या दोन शब्दांतला फरकच पुसला जातो, किंवा 'र'चा पाय मोडलेला दिसतो. म्हणून मराठी हौशी वाचकाची सोपी चाचणी अशी असते की यंत्रावर 'दऱ्या', 'क्लृप्ती', 'उद्ध्वस्त' हे तीन शब्द उघडून बघायचे. तिन्ही नीट दिसले तर पुढचं बोलायचं.

फॉन्ट आवडला नाही तर बदलता आला पाहिजे, ही त्यांची पुढची मागणी. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा 'मुक्त' फॉन्ट मोफत आहे. किंडल आणि कोबो दोन्हींवर असा फॉन्ट कॉम्प्युटरवरून टाकता येतो.

पडद्याची बारकाईही इथेच महत्त्वाची ठरते. साध्या किंडलवर २०२२ पर्यंत एका इंचात १६७ ठिपके होते, त्यानंतर ३०० झाले. इंग्रजी अक्षराला १६७ ठिपके चालून जातात. पण अनुस्वार, रफार आणि उकार बारीक असतात. जुना किंडल स्वस्तात मिळत असेल तर अक्षर लहान करून हे आधी बघावं.

एक गोम अजून आहे. अनेक मराठी पुस्तकं श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. त्यांची पीडीएफ डोळ्यांना व्यवस्थित दिसते. पण कॅलिबरमध्ये टाकून ईपब करायला गेलं की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला बाहेर येतो. कारण त्या फाईलमध्ये 'क' म्हणून युनिकोडमधला 'क' नसतोच, दुसऱ्याच अक्षराला 'क'चा मुखवटा चढवलेला असतो. अशा वेळी पानाचं चित्र करून ओसीआरने मजकूर ओळखवून घ्यावा लागतो. टेसरॅक्ट या मोफत ओसीआरला मराठी येतं, पण नंतर चुका हाताने दुरुस्त कराव्या लागतात. हौस लागते ती इथे.

पुस्तक विकत घेतलं, पण ते कोणाचं?

जुलै २००९ मध्ये अमेरिकेत एक विचित्र प्रकार घडला. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीची एक ई-आवृत्ती हक्क नसलेल्या कोणीतरी किंडलवर विकायला ठेवली होती. हे लक्षात आल्यावर ॲमेझॉनने ती लोकांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकली. पैसे परत दिले, नंतर कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण लोकांना कळायचं ते कळलं. ई-पुस्तक 'विकत' घेतलं तरी हातात येतो तो बहुतेक वेळा फक्त वाचण्याचा परवाना.

२६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याची सोयही ॲमेझॉनने बंद केली. जिथे वाय-फाय रोजचं नाही, तिथे हा बदल जास्त टोचतो.

म्हणून हौशी मंडळी विचारतात की कुलूप नसलेली फाईल मिळते का. मराठीत याचं एक कायदेशीर उत्तर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी मोकळं होतं. हरी नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांचं लेखन आज कोणीही उतरवून घेऊ शकतं, छापू शकतं, वाटू शकतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. टेलिग्रामवर आजच्या लेखकांच्या कादंबऱ्यांच्या ज्या पीडीएफ फिरतात, त्या या नियमात बसत नाहीत. मराठी पुस्तकाची आवृत्ती आधीच लहान असते. त्यात ही गळती लागली की पुढचं पुस्तक निघणंच अवघड होतं.

स्वस्त टॅब घेताना कुठे बघायचं?

रॅम ४ जीबीपेक्षा कमी नको. मोठी स्कॅन पीडीएफ उघडली की कमी रॅमचा टॅब धापा टाकतो. मेमरी कार्डची जागा हवी, कारण स्कॅन पुस्तकं जागा खातात आणि कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात घालता येतं. अँड्रॉइडची आवृत्ती कोणती आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे विचारायचं. नाव न ऐकलेल्या कंपनीचा टॅब असेल, तर बिघडल्यावर तो नांदेडला दुरुस्त होईल का, हेही.

हौशी लोक आणखी एक गोष्ट बघतात, बूटलोडर उघडतो का. बूटलोडर म्हणजे यंत्र सुरू होताना कोणती प्रणाली चालू द्यायची हे ठरवणारा दारवान. तो उघडता आला तर कंपनीने अपडेट बंद केल्यावरही लिनिएजओएससारखी मोफत प्रणाली टाकता येते. अर्थात त्या मॉडेलसाठी ती कोणी तयार केलेली असली तर. सामान्य वाचकाने मात्र हे जपून करावं. उघडलेल्या यंत्रावर बँकेची आणि यूपीआयची काही ॲप चालत नाहीत, आणि चुकलं तर टॅबची वीट होते.

मग घ्यायचं काय?

हे वाचणारा कोण आहे यावर ठरतं.

दहावीनंतर नीट, जेईई किंवा सीईटीची तयारी करणारा विद्यार्थी असेल तर टॅबच. व्हिडिओ, सराव चाचण्या, रंगीत आकृत्या हे ई-रीडरचं काम नाही. शिवाय राज्य सरकारची महाज्योती संस्था या परीक्षांच्या प्रशिक्षणासाठी निवडलेल्या ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना मोफत टॅब आणि रोज ६ जीबी डेटा देण्याची योजना राबवत आली आहे. खिशातून पैसे काढण्याआधी तिची चौकशी करावी.

स्कॅन पीडीएफ, जुने ग्रंथ, स्पर्धा परीक्षेचं साहित्य वाचणारा असेल तर १० इंचांच्या आसपासचा साधा टॅब. बुकगंगासारख्या मराठी दुकानांची ॲपही त्यावर चालतात आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही लिप्या आजच्या अँड्रॉइडवर दिसतात.

रोज तासभर कादंबरी, आत्मचरित्र वाचणारा, डोळ्यांना जपणारा वाचक असेल तर ई-रीडर. फक्त दहा हजारांत नवा मिळणं कठीण झालंय. एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलेल्या नव्या किंडल पेपरव्हाइटची किंमतच १६,९९९ रुपये होती. जुना घ्यायचा तर आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून तो काढलाय का, पडद्यावर रेघा आहेत का, हे हातात घेऊन बघायचं.

काहीही ठरवलं तरी दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर किंवा कार्डवर तीन फायली न्याव्यात. एक बालभारतीची पीडीएफ, एक जुन्या ग्रंथाचा स्कॅन आणि एक विकिस्रोतावरचं ईपब. विक्रेत्याला त्या उघडून दाखवायला सांगावं. रॅम आणि कॅमेऱ्याचे आकडे खोक्यावर छापलेले असतात, ते घरी येऊनही वाचता येतात. 'दऱ्या' नीट दिसतात का, हे मात्र पैसे देण्याआधीच कळायला हवं.